सोळा गुंजांची सवत

१

सहादेव सोनाराची एक रीत होती. आलेली वस्तू आधी गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत तोलायची, मग कामाला घ्यायची. काम झालं की पुन्हा त्याच्याच समोर तोलायची, मगच हातात द्यायची. पन्नास वर्षांत त्याच्या हातून कुणाच्या सोन्यात गुंजभर घट आली नव्हती. आली असं म्हणणारा जामखेडच्या पेठेत कुणी निघाला असता, तर सहादेवानं त्याला धरून ओट्यावरून खाली उतरवला असता.

शाळा चौथीपर्यंत. पण डागिना तळहातावर घेतला की वजन सांगायचा. मग काट्यावर टाकायचा, तो लोकांची खात्री पटावी म्हणून. स्वतःची पटलेलीच असायची.

दुकानाचे दोन भाग. पुढचा मुलाचा. ज्ञानेश्वरनं तिथं काचेची कपाटं केली होती, विजेचा काटा ठेवला होता, एसी बसवला होता. मागची खोली सहादेवाची. ऐरण, शेगडी, बापाच्या हातचा तराजू आणि ठशांची पेटी. तिला गल्लीकडून वेगळा दरवाजा होता आणि दरवाजापुढं ओटा. जुनी गिऱ्हाइकं गल्लीतूनच येत.

घट बसायच्या आधी आठ दिवस मागच्या खोलीत रिठ्याचा वास भरून राहायचा. गावोगावचे देव उजळायला येत. त्या गर्दीत एका दुपारी मोनिका आली. खर्डा रस्त्याच्या वस्तीवरच्या बजरंगची बायको. तिशीची, हसऱ्या तोंडाची. देव्हाऱ्यातले टाक तिनं फडक्यातून काढून ठेवले आणि मग गळ्याला हात लावला.

"तात्या, हीबी उजळा. पर लवकर."

"काढ."

"काढलीच पायजे व्हय?"

"मग गळ्यातल्या गळ्यात घासू का? काढ."

काळ्या दोऱ्यात ओवलेली बोटाच्या पेरापेक्षा थोडी मोठी पुतळी होती. हात जोडलेली बाई. पहिली बायको वारली आणि नवऱ्यानं दुसरी केली, की दुसरीच्या गळ्यात पहिलीची अशी सोन्याची पुतळी घालतात. तिला सवतच म्हणतात. सहादेवानं आजवर अशा किती केल्या असतील त्याची गणती नव्हती. हीसुद्धा त्याच्याच हातची.

त्यानं ती तळहातावर घेतली आणि त्याचा हात थांबला.

तराजू उचलला. एका पारड्यात पुतळी, दुसऱ्यात लाल गुंजा. सोळा टाकल्या. पारडं जागचं हललं नाही. सतरावीला थरथरलं. अठरावीला दांडी सरळ झाली.

बाईच्या ठशातून निघालेली पुतळी आतल्या लाखेसकट सोळा गुंजांची. बापानं घालून दिलेलं माप होतं ते. सहादेवानं ते कधी मोडलं नव्हतं.

"कुणाकडं दिली होतीस ही?"

"कुनाकडं न्हाई. गळ्यातनं उतरायची सोय हाय का?"

त्यानं पुतळी उलटी केली. आत लाख भरून पाठीवर पातळ पत्रा बसवायचा, कडा मुरडायच्या आणि मुरडीवर तीन टिंबं ठोकायची, ही त्याची खूण. मुरड जशीच्या तशी होती. तीन टिंबं जागेवर होती.

"काय झालं तात्या? सवत जड झाली व्हय?" मोनिका हसली. "हुनारच. बसून खाती ना."

ती एकटीच हसत होती.

२

सहादेव पुतळी घेऊन पुढच्या दुकानात गेला. सहसा तो तिकडं जात नसे.

"ही टाक तुझ्या काट्यावर."

ज्ञानेश्वरनं टाकली. आकडे फिरले, थांबले. त्यानं ग्रॅमाचे गुंजांत करून सांगितलं. अठराच भरल्या.

"गेल्या साली तुमी डोळ्याच्या ऑपरेशनला नगरला हुता, तवा मीच उजळली हुती," ज्ञानेश्वर म्हणाला. "तवा सतरा भरली हुती. मला वाटलं, तुमीच भारी केली आसल."

"मी सोळाचीच करतो."

"मंग वाढतीय म्हना की. तात्या, दुकान कशाला पायजे? सोनं रानात पेरू. ज्वारीपेक्षा बरं."

सहादेव हसला नाही. त्यानं मुलाच्या तोंडाकडं पाहिलं. हातांकडं पाहिलं. एका साली आपण नव्हतो. पाठ उघडून आत शिसं भरायला आणि तीन टिंबं पुन्हा ठोकायला हुशार माणसाला अर्धा तास पुरे. पण लोक सोनं काढून घेतात. घालतं कोण? आणि कशासाठी? पोटच्या पोरावर संशय घेताना त्याला अवघड वाटलं नाही. सोन्यापुढं सगळे सारखे.

मागं येऊन त्यानं पुतळी कसोटीवर घासली. काळ्या दगडावर रेघ उठली. होती तशीच पिवळी, चांगल्या सोन्याची. त्यानं गुंजा बदलल्या. दुसऱ्या डबीतल्या घेतल्या. अठराच.

रिठ्याचं पाणी कालवायला तो वळला, तेव्हा पाठीमागं पारडं लाकडावर टेकल्याचा आवाज आला. टक्. वळून पाहिलं. दांडी सरळ होती ती आता पुतळीच्या बाजूला कलली होती. पुढं एसी घुरघुरत होता. एसीनं भिंत हादरते. भिंतीच्या खुंटीला तराजू. झालं.

त्यानं पुतळी उजळली, मोनिकासमोर तोलली, दिली. किती भरली ते सांगितलं नाही. तिनं विचारलंही नाही. दोरा गळ्यात अडकवताना तिचा हात घाईत होता.

३

चंपाषष्ठीच्या आधी ती पुन्हा आली. सहादेवानं तिला आधी ओळखलं नाही. गळ्याची हाडं वर आली होती. ब्लाउज खांद्यावरून उतरत होता. दोरा मात्र तोच होता आणि त्याच्याखाली गळ्याला तांबडी रेघ उठली होती, कावड वाहणाऱ्याच्या खांद्याला उठते तशी.

"दोरा रुततोय तात्या. जरा जाड घाला."

त्यानं पुतळी तोलली. वीस.

"जेवतेस का नाही?"

मोनिकानं गल्लीकडं पाहिलं. कुणी नव्हतं. ती ओट्यावरून आत सरकून बसली.

"जेवते की. पर आधी हिला दावावं लागतंय. झुंबरबाई, सासू माझी, समोर बसती. पैला घास आरतीबाईला दाव म्हनती, मंग खा. नवं लुगडंबी आधी हिला लावायचं, मंग नेसायचं."

"रीतच आहे ती."

"रीत हाय, मी कुटं न्हाई म्हनते? सात वर्सं दावतीय. पर तात्या, पैल्यांदा घास दावला की मला भूक लागायची. आता घास दावला की माजं प्वाट भरतंय. ताट तसंच ऱ्हातं."

"दवाखान्यात दाखवलंस?"

"नगरला न्हेलं हुतं. रगत तपासलं, फोटू काढला. डागदर म्हनला, काय न्हाई बाई तुला, जेवत जा." ती हसायला गेली. "म्या म्हनलं, ते हिला सांगा."

"बजरंग काय म्हणतो?"

मोनिकानं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं.

"ते काय म्हनत न्हाईत. बघत्यात नुस्तं."

सहादेव लोकांच्या घरात डोकावणारा नव्हता. सोनाराला सगळ्यांची घरं ठाऊक असतात, म्हणून तर त्यानं तोंड मिटून ठेवायचं असतं. त्यानं जाड दोरा घातला. गाठ मारली. पण ती ओट्यावरून उतरताना भिंतीला धरून उतरली, ते त्यानं पाहिलं. तिशीची बाई. आणि उतरताना पुतळी छातीवर आपटली, तिचा आवाज सोन्याचा नव्हता. मडक्यावर टिचकी मारावी तसा होता, आणि भरलेल्या मडक्यावर.

४

नंतरच्या आठवड्यात बाजार नव्हता त्या दिवशी बापलेक मागच्या खोलीत भाकरी खायला बसले होते. ज्ञानेश्वर एका हातानं जेवत होता, दुसऱ्या हातात मोबाईल.

"तात्या, हे बघा. इजिप्त देश."

"कुठं आला?"

"लांब. तिथं राजा मेला की त्याच्या तोंडावर सोन्याचं तोंड चढवायचे. हे दहा किलोचं हाय."

सहादेवानं मोबाईल लांब धरून पाहिला. सोन्याचा मुखवटा. डोळे सताड उघडे. त्यानं आधी काम पाहिलं.

"ठोकीव आहे. ओतलेलं नाही. चांगला कारागीर होता."

"तीन हजार वर्सं झाली. आजून चकाकतंय."

"सोनं आहे ते. त्याला काय होतंय."

सहादेवाला त्यात नवल वाटलं नाही. देश कोणताही असो, माणूस तोच. जन्मलेल्या पोराला सोनं उगाळून मधातून चाटवतात. मेलेल्याच्या तोंडात सोन्याचा कण ठेवतात. पहिली चव तीच आणि शेवटची तीच. मधे जन्मभर माणूस ते अंगावर वागवतो आणि म्हणतो, माझं आहे. सोनं कधी म्हणत नाही, हा माझा आहे.

"हे राजा मेल्यावर केलं, का आधी?" त्यानं सहज विचारलं.

"काय की. येवढं काम काय चार दिसांत हुतंय? आधीच करून ठेवत आसतील."

"राजा जिवंत असताना?"

"मंग काय. त्यांच्या सोनाराला म्हाईत आसल, राजा कधी जानार ते." ज्ञानेश्वर हसला. "तात्या, घास घ्या की. हातात धरून काय बसलाय?"

सहादेवानं घास ताटात ठेवला. उठून हात धुतला आणि ठशांची पेटी उघडली.

बाईचा ठसा फडक्यात होता. काशाचा, तळहाताएवढा, बापाच्या बापापासूनचा. आत हात जोडलेली बाई खोल कोरलेली. तिच्या डाव्या खांद्यावर केसाएवढी चीर. आठ वर्षांपूर्वी ठसा हातातून निसटून ऐरणीवर पडला होता, तेव्हाची. त्या दिवसापासून या ठशातून निघालेल्या प्रत्येक पुतळीच्या डाव्या खांद्यावर बारीक रेघ उठते. कितीही घासा, उरतेच.

मोनिकाच्या पुतळीचा खांदा त्यानं दोनदा घासला होता. साफ होता. म्हणजे ती पुतळी ठसा पडायच्या आधीची.

आणि ठसा पडला तो दिवस सहादेवाला लख्ख आठवत होता. दिवाळी पुढ्यात होती. ओट्यावर एक बाई चहा घेत बसली होती. कानातल्या फुलाची फिरकी ढिली झालेली, ती बसवायला आलेली. 'दिवाळी झाली की आमी कारखान्यावर जानार,' म्हणाली होती. 'उसाच्या फडात पडली तर कुठं धुंडू?' ठसा ऐरणीवर आपटल्यावर ती दचकली होती आणि म्हणाली होती, 'बाई पडली जनू तात्या. लागलं का बगा तिला.' सहादेव रागात होता. ठसा पुसत होता. जाताना तिनं नाव सांगितलं. आरती. बजरंगची.

संक्रांतीला बातमी आली होती. बजरंगची बायको तिकडं कारखान्यावर वारली. तापानं.

सहादेव ठसा हातात धरून उभा राहिला. आरती ओट्यावर चहा पीत होती, तेव्हा तिची पुतळी तयार होऊन बजरंगच्या खिशात होती.

पुतळी मागायला आलेल्याला सोनारानं एक विचारायचं असतं. तेरावं झालं का? झालं म्हटल्यावरच ठसा पेटीतून काढायचा. बजरंगला विचारलं होतं का? दसऱ्याची गर्दी होती. विचारलं असेल. तो खोटं बोलला असेल. सहादेव चुकत नाही.

पण विचारल्याचं त्याला आठवेना. कितीही केलं तरी आठवेना.

५

चार दिवसांनी बजरंग आला. चप्पल गल्लीत काढली, वाकून पायाला हात लावला. पांढरा शर्ट, अंगाला साबणाचा वास. त्याचा ट्रॅक्टर कारखान्याला लावलेला होता. माणूस गोड बोलणारा. सहादेवाला गोड बोलणारी माणसं आवडत नसत. सोन्यात जास्त पिवळेपणा दिसला की आधी कसोटी घ्यावी.

"तात्या, एक पुतळी करायची हुती."

"कसली?"

"सवतच की. ह्या टायमाला जरा मोठी करा."

"कुणाची?"

"बायकूची."

"तुझ्या बायकोची केलेली आहे. मोनिकाच्या गळ्यात आहे ती."

"व्हय."

"मग ही कुणाची?"

"तात्या, तुमी सोनार हाय का तलाठी?" बजरंग हसला. दात स्वच्छ होते.

सहादेवानं हातातला चिमटा खाली ठेवला. या वेळी त्यानं विचारलं. मोठ्यानं, स्वतःला ऐकू येईल असं.

"तेरावं झालं का?"

बजरंग हसायचा थांबला. रुमाल काढून त्यानं मान पुसली, सावकाश.

"तुमाला करायला किती दिस लागत्यात?"

"आठ."

"मंग बसतंय की."

त्यानं कागदाची पुडी ऐरणीवर ठेवली, पुन्हा पायाला हात लावला आणि गेला. सहादेवानं पुडी उघडली. कानातली दोन फुलं होती. चंपाषष्ठीच्या आधी ती मोनिकाच्या कानात होती.

त्यानं पुडी मिटली. सांगायचं तर कुणाला? चौकीत जाऊन काय सांगणार? की एका माणसानं डागिना करायला टाकला? फौजदार चहा पाजून पाठवून देईल. बजरंग तिला काही खायला घालत असेल का? पण ती तर खातच नाही. नुसतं बघून माणूस झिजतो का? आणि झिजलेलं जातं कुठं? या प्रश्नाशी तो दरवेळी थांबायचा. कारण उत्तर त्याला ठाऊक होतं. त्यानं ते दोनदा तोललं होतं.

६

त्यानं ज्ञानेश्वरला फोन करायला लावला. दोऱ्याची गाठ सैल राहिलीय म्हणावं, ये. दुसऱ्या दिवशी दुपारी मोनिका जीपनं आली. कान मोकळे होते. ओट्याच्या दोन पायऱ्या चढून तिनं दम घेतला.

"काढ."

या वेळी तिनं कुरकुर केली नाही. पुतळी काढून दिली आणि मान चोळत बसली.

सहादेवानं तोलली नाही. दरवाजा ओढून घेतला. उजेडाला खिडकी पुरे होती. पुतळी पालथी धरून त्यानं पातळ कानशीनं मुरड उचकटली. तीन टिंबं त्याचीच होती. मुरड कुणी उघडलेली नव्हती. आठ वर्षांत हा पहिलाच हात. मग त्यानं पुतळी शेगडीवर क्षणभर दाखवली, लाख सैल होण्यापुरती, आणि चिमट्यानं लाखेचा गोळा अख्खा बाहेर काढला.

आधी त्यानं सोन्याचा रिकामा पत्रा तोलला. दिलं होतं तेवढंच सोनं, सहा गुंजा. ना कमी, ना जास्त. त्याचा जीव भांड्यात पडला. सोनं खोटं बोललं नव्हतं. जे काय वाढलं ते लाखेत. पण लाख भरली होती तेवढ्याच जागेत होती. जागा वाढली नव्हती.

त्यानं लाखेचा गोळा खिडकीशी नेला.

लाख पत्र्याच्या आत बसते. पत्र्याचं जे तोंड, तेच तिचं. सोन्यावरचे ओठ मिटलेले होते, ठशात कोरलेत तसे. त्याच ओठांच्या आतून निघालेल्या लाखेवर तोंड उघडं होतं.

सहादेवानं डोळे पुसले. ऑपरेशन केलेला डोळा झाकून पाहिलं, मग दुसरा झाकून पाहिलं. लाख थंड होताना आक्रसते. हवेचा बुडबुडा राहिला की खड्डा पडतो. नेमका तोंडावर पडला असेल. त्यानं चिमट्याचं टोक खड्ड्यात घातलं. आत पांढरं काही होतं. ते टोकाला चिकटून आलं. बोटावर घेऊन चुरडलं.

भाकरीचा कण होता. मऊ होता.

चिमट्याला लागला असेल. तो स्वतः आत्ताच जेवून उठला होता. हात धुतले होते, तरी लागला असेल.

"काय निघालं तात्या?" मागून मोनिकानं विचारलं.

"लाख."

त्यानं गोळा शेगडीत टाकला. लाख जळताना गोडसर वास येतो. तो आला. त्याच्याबरोबर भाकरी करपल्याचाही आला.

"ही आता गळ्यात घालायची नाही. जवळ कोण आहे तुझं?"

"केडगावला मावशी हाय. पुष्पावती."

"आजच जा. अशीच इथनं."

"आन ह्यांनी इचारलं तर?"

"सोनारानं पाठवली म्हण."

मोनिकानं गळ्याला हात लावून पाहिला. तिथं काही नव्हतं. तिचा हात तिथंच घोटाळत राहिला. सात वर्षांची सवय. मग ती उठली.

ज्ञानेश्वरनं तिला मोटारसायकलवरून स्टँडवर सोडली. परत आला तो हसत आला.

"तात्या, बाईनं स्टँडवर दोन वडापाव खाल्ले. तिसरा बांधून घेतला. म्या म्हनलं, बाई, गाडी लागंल. म्हनती, लागू दे, सात वर्सांचा हाय."

सहादेव वळून शेगडी साफ करायला लागला. त्याला कुणाला तोंड दाखवायचं नव्हतं.

७

आठव्या दिवशी सकाळी सहादेवानं पुतळीचं सोनं आटवलं. मुशीत ते गोळा झालं, थरथरलं, निवलं. ठोकून त्यानं पत्रा काढला. लखलखीत, कोरा. सहा गुंजा. आता त्यात कुणी नव्हतं. मोनिकाचा सकाळीच ज्ञानेश्वरला फोन आला होता. मावशीच्या घरी पोळ्या लाटतेय, आधी स्वतः खातेय.

अकराच्या सुमाराला बजरंग आला. पायाला हात लावला आणि ओट्यावर बसला.

"झाली का तात्या?"

"नाही."

"जुनी तुमच्याकडंच हाय म्हनं. मोनिकाला कुटं धाडली?"

"मावशीकडं आहे. बरं नाही तिला."

"माज्या घरी काय बरं हुनार न्हाई व्हय?" आवाज गोडच होता. त्यानं मोबाईल काढला, स्पीकर लावला आणि ओट्यावर ठेवला, सहादेवाला ऐकू जावं म्हणून. तिकडून मोनिकाचा आवाज आला. मागं कुकरची शिट्टी होत होती.

"मोनिका, आईला बरं न्हाई. उद्या सकाळच्या गाडीनं ये."

तिकडं शिट्टी होतच राहिली.

"ऐकू येतंय का? नवी पुतळी हुतीय. तात्याच करत्यात. हिथंच बसलोय मी त्यांच्याकडं."

शिट्टी बंद झाली. मग मोनिका म्हणाली, "येते."

त्या एका शब्दात वडापाव नव्हता, पोळ्या नव्हत्या, काही नव्हतं. सहादेव आत गेला.

ऐरणीवर कोरा पत्रा पडला होता. तो त्याच्याकडं पाहत उभा राहिला. नुसता पत्रा. पत्र्यानं माणूस मरत नाही, हे तो पंधरा दिवस स्वतःला सांगत होता. आरती तापानं गेली. मोनिका अशक्तपणानं झिजली. लाखेत बुडबुडा होता. हे सगळं खरं असेल, तर पत्रा कोणत्याही ठशावर ठेवायला हरकत कसली? आणि खरं नसेल तर?

त्यानं पेटी उघडली. बाईचा ठसा बाजूला सारला. खाली दुसरा होता, वर्षानुवर्षं न काढलेला. वीराचा. घरचा बाप्या अकाली गेला की त्याचा टाक करून देव्हाऱ्यात बसवतात, त्याचा. हातात तलवार, डोक्याला मुंडासं.

तेरावं झालं का, असं त्यानं कुणाला विचारलं नाही. विचारायचं नाही, हे त्याला ठाऊक होतं. या वेळी त्याला नीट आठवणार होतं.

ठसा ऐरणीवर बसवला. त्यावर पत्रा. पत्र्यावर शिशाची वडी. बाहेर बजरंग आता मावशीशी बोलत होता.

"न्हाई वो पुष्पाताई, तसं काय न्हाई. भांडन-बिंडन काय न्हाई. तुमी फकस्त गाडीत बसवा तिला. मी हाय ना, मी सोता स्टँडवर—"

हातोडी पडली.

बाहेरचं बोलणं तिथंच थांबलं. मोबाईलमधून मावशी हॅलो, हॅलो म्हणत राहिली. स्टीलचा पेला ओट्यावरून गल्लीत पडला आणि बराच लांब घरंगळत गेला.

सहादेवानं शिसं उचलून पाहिलं. छाती उठली होती. हात उठले होते, तलवार उठली होती. चेहऱ्याची जागा अजून सपाट होती.

"तात्या!" ज्ञानेश्वर पुढच्या दुकानातून गल्लीत धावला होता. त्याचा आवाज चिरका झाला होता. "तात्या, भाईर या! ह्यांना बघा काय हुतंय!"

"हात गुंतलाय," सहादेव म्हणाला.

त्यानं शिशाची वडी परत नीट बसवली, अंगठ्यानं दाबून. पहिल्या ठोक्याला अंग येतं. तोंड दुसऱ्याला.